समुद्रसपाटीपासून इतके मीटर

गाडी स्थानकात शिरू लागली म्हणजे फलाटाच्या टोकाची पिवळी पाटी प्रथम दृष्टीस पडते, आणि तिच्यावर गावाच्या ठळक नावाखाली, उतारूंपैकी क्वचितच कोणी वाचील अशा बारीक अक्षरांत, त्या स्थानकाची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरांत लिहिलेली असते. लहानपणापासून पाहिलेल्या त्या आकड्यावर आपला इतका सहज विश्वास बसलेला असतो, की तो कोणी, कशाने आणि कोठून मोजून आणला याची चौकशी करावी असे मनात येत नाही. परंतु आज तोच मनुष्य खिशातला मोबाइल काढून नकाशावर बोट टेकवतो, दुसऱ्या एका साधनाला तीच जागा विचारतो, घरी परतल्यावर जुन्या स्थलनिर्देशक नकाशाच्या तपकिरी रेषांवरून तिसरा आकडा काढतो, आणि तिन्ही उत्तरांत कधी पाच, कधी पंधरा, तर कधी साठांहून अधिक मीटरांचा फरक पाहून गोंधळून जातो. यांतला खरा आकडा कोणता, असा प्रश्न तो विचारतो. मला वाटते, त्याआधी तीन गोष्टींचा खुलासा मागितला पाहिजे : ही उंची कोणत्या शून्यापासून धरली, कोणत्या रीतीने काढली, आणि तीत किती चूक संभवते. या तीन बाबी सोबत नसतील, तर उंचीचा आकडा हा तारीख आणि सही नसलेल्या दाखल्यासारखा अपुरा होय.

प्रथम शून्याचा विचार करू. समुद्रसपाटी हा शब्द आपण जितक्या निश्चिंतपणे वापरतो तितका समुद्र सपाट नाही आणि स्थिरही नाही. भरती-ओहोटीने तो दिवसातून दोनदा चढतो व उतरतो. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण निराळे, अष्टमीची भांगाची भरती निराळी. आणि चंद्राच्या कक्षेतील एक आवर्तन पुरे व्हावयास तर सुमारे साडेअठरा वर्षे लागतात. म्हणून बंदरातल्या भरतीमापकावर वर्षानुवर्षे नोंदी घेऊन त्यांची सरासरी काढणे आणि त्या सरासरी पातळीला शून्य मानणे हाच शास्त्रीय शिरस्ता ठरला. हिंदुस्थानात अचूक पातळीमापनाचे काम १८५८ साली सुरू झाले, आणि देशभर पसरलेल्या त्या मोजणीच्या जाळ्याचा एकत्रित हिशेब १९०९ साली पुरा करण्यात आला, तेव्हा कराचीपासून ओडिशाच्या किनाऱ्यावरील फॉल्स पॉइंटपर्यंतच्या नऊ बंदरांतील मध्यम समुद्रपातळी शून्य धरण्यात आली. मुंबई आणि कारवार ही त्यांतलीच दोन. पाठ्यपुस्तकांतून कोठे एकट्या कराचीचे, कोठे एकट्या मुंबईचे नाव वाचावयास मिळते, त्याचे मूळ बहुधा या नऊ बंदरांच्या यादीतच असावे. वास्तविक पाहता या नऊ ठिकाणचा समुद्र एकाच पातळीवर असतो असे मानणे हीच एक तडजोड होती. पुढच्या काळातील मोजण्यांनी ती उघड झाली, आणि म्हणूनच भारतीय सर्वेक्षण विभागाने अलीकडे देशाच्या पातळ्यांचे जाळे नव्याने बांधण्याचे काम हाती घेतले.

समुद्राकाठचे हे शून्य विदर्भात किंवा मराठवाड्यात न्यावयाचे कसे? त्याचे उत्तर ज्याने एकदा ओव्हरसियरच्या हाताखाली काम केले आहे त्याला सांगावे लागणार नाही. तिपाईवर लेव्हलची दुर्बीण उभी करावयाची, बुडबुडा मध्यावर आणावयाचा, मागे ज्ञात उंचीच्या खुणेवर पट्टी धरलेल्या गड्याकडे पाहून वाचन घ्यावयाचे, मग दुर्बीण फिरवून पुढच्या पट्टीचे वाचन घ्यावयाचे, आणि दोहोंची वजाबाकी ही त्या पन्नास-साठ पावलांची चढ-उतार म्हणून बुकात नोंदावयाची. मग तिपाई उचलून पुढे. पुन्हा मागचे वाचन, पुन्हा पुढचे. या एका साध्या वजाबाकीची लाखो वेळा पुनरावृत्ती करून, घाट चढून, नद्या ओलांडून, उन्हाने हवा थरथरू लागली की काम थांबवून, समुद्राचे शून्य देशाच्या पोटात नेण्यात आले. मार्गावर ठिकठिकाणी पुलाच्या कठड्यावर, देवळाच्या जोत्यावर, सरकारी कचेरीच्या पायरीवर खुणा कोरून त्यांच्या उंचीची नोंद दप्तरात ठेवण्यात आली. इंजिनिअर मंडळी यांनाच बेंचमार्क किंवा तलचिन्ह म्हणतात. या रीतीचा अचूकपणा थक्क करणारा आहे : उच्च प्रतीच्या कामात शंभर किलोमीटर चालून गेल्यावर जी चूक चालवून घेतली जाते, ती तीन-चार सेंटिमीटरांपलीकडे जात नाही.

नागपूरचा शून्य मैलाचा दगड भारताचा मध्यबिंदू म्हणून प्रसिद्ध आहे, आणि चार घोडे व उभा स्तंभ पाहून प्रवासी परततात. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तेथील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे १९०७ साली उभारलेले प्रमाण तलचिन्ह होय. स्तंभाजवळच्या षट्कोनी दगडाच्या माथ्याची उंची तेथे १०२०.१७१ फूट अशी कोरलेली आहे, म्हणजे जवळजवळ ३११ मीटर. दशांश चिन्हानंतरचा तिसरा अंक हा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाइतका सूक्ष्म आहे. दोन्ही समुद्रांपासून इतक्या दूर असलेल्या गावी एका दगडावर एवढ्या बारकाव्याचा आकडा कोरणाऱ्यांचा आपल्या कामाविषयीचा आदर त्या अंकात मला दिसतो.

शिखरांवर मात्र पट्टी घेऊन चढता येत नाही. तेथे त्रिकोणमितीचा आश्रय घ्यावा लागतो. १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून विल्यम लँबटन याने ज्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घातला, त्याची साखळी उत्तरेकडे नेत असताना १८२३ च्या जानेवारीत तो हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर वर्धा जिल्ह्यातील त्या गावी आहे. त्याच्या नंतर जॉर्ज एव्हरेस्ट व अँड्र्यू वॉ यांनी ही साखळी हिमालयापर्यंत पोचविली. राधानाथ सिकदर हे ज्या गणकवर्गाचे प्रमुख होते त्याच्या आकडेमोडीतून पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची, म्हणजे आजच्या माउंट एव्हरेस्टची, उंची २९,००२ फूट ठरली, आणि १८५६ साली ती जाहीर झाली. शंभराहून अधिक मैलांवरील मैदानातून कोन मोजून काढलेला हा आकडा पुढे १९५०-६० च्या दशकात बी. एल. गुलाटी यांच्या नेतृत्वाखाली जवळच्या ठिकाणांवरून पुन्हा तपासला गेला व २९,०२८ फूट, म्हणजे ८,८४८ मीटर ठरला. २०२० साली नेपाळ आणि चीन यांनी संयुक्तपणे ८,८४८.८६ मीटर जाहीर केला. या शतकाहून अधिक काळच्या दुरुस्त्यांचे मुख्य कारण काय? दृष्टिरेषा हवेच्या थरांतून जाताना वाकते, आणि शिखराच्या पोटाखाली ‘समुद्रसपाटी’ नेमकी कोठून जाते हे ठरविणे अत्यंत बिकट असते. या दुसऱ्या कारणाकडे पुढे यावयाचेच आहे.

आता सामान्य माणसाच्या हाती येणाऱ्या साधनाकडे वळू. ज्याला स्वतःच्या गावाची, शेताची किंवा एखाद्या गडाच्या माचीची उंची अजमासाने काढावयाची आहे, त्याच्यासाठी सर्वेक्षण विभागाचे १ : ५०,००० प्रमाणाचे पत्रक हेच आजही सर्वांत विश्वासू मार्गदर्शक आहे असे मी म्हणेन. दोन सेंटिमीटरांस एक किलोमीटर अशा या पत्रकावर समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषा तपकिरी रंगात, बहुधा वीस-वीस मीटरांच्या अंतराने काढलेल्या असतात; काळ्या ठिपक्याशेजारी स्थलोच्चाचा आकडा, त्रिकोणाशेजारी सर्वेक्षण ठाण्याची उंची आणि ‘बीएम’ या अक्षरांपुढे तलचिन्हाची उंची दिलेली असते. रीत सोपी आहे, पण ती घाईने करू नये. समजा, उतारावरचे एक देऊळ ६४० आणि ६६० मीटरांच्या रेषांमध्ये पडते. कागदाची एक सरळ कडेची पट्टी घ्यावी, ती देवळावरून दोन्ही रेषांना शक्य तितकी काटकोनात जाईल अशी ठेवावी, कारण पाणी ज्या दिशेने उतरेल तीच खरी उताराची दिशा. मग खालची रेषा, देऊळ आणि वरची रेषा या तिन्हींपाशी पेन्सिलीने टिंबे करावीत. दोन रेषांतले अंतर आठ मिलिमीटर आणि खालच्या रेषेपासून देऊळ तीन मिलिमीटर भरले, तर वीस मीटरांचा तीन-अष्टमांश म्हणजे साडेसात, ते ६४० मध्ये मिळवून देवळाची उंची सुमारे ६४७ किंवा ६४८ मीटर येते.

या ‘सुमारे’ शब्दाचा अर्थ मात्र नीट समजून घेतला पाहिजे. या हिशेबाने गृहीत धरले, की दोन रेषांमधला उतार एकसारखा आहे. प्रत्यक्षात तेथे बांध असेल, माची असेल, ओढ्याची घळ असेल, आणि वीस मीटरांपेक्षा कमी उंचीचे काहीही नकाशाला दिसत नाही. म्हणून अशा उत्तरात रेषांतील अंतराच्या निम्म्याइतकी, म्हणजे दहा मीटरांची चूक सदैव संभवते असे धरून चालावे. आणखी एक खाच आहे, आणि तिने अनेक अभ्यासू मंडळींना चकविले आहे. जुन्या पत्रकांवरील अक्षांश-रेखांश जॉर्ज एव्हरेस्टच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत, तर मोबाइलमधील अक्षांश-रेखांश आजच्या जागतिक आकारावर. महाराष्ट्रात या दोहोंमुळे एकच ठिकाण शे-दीडशे मीटर बाजूस सरकते. पत्रकावर ते अंतर जेमतेम तीन मिलिमीटर भरते, परंतु वर पाहिलेल्या उदाहरणात तीन मिलिमीटरांचीच तर सारी किंमत होती. तेव्हा मोबाइलवरचे आकडे जुन्या पत्रकावर जसेच्या तसे मांडू नयेत; देऊळ, वाटेचा फाटा, ओढ्यांचा संगम अशा ओळखीच्या खुणांवरून जागा निश्चित करावी.

हवेच्या दाबावरून उंची काढण्याची रीतही जुनी आहे. कर्नल साइक्स याने दख्खनमध्ये फिरून वायुभारमापकाच्या नोंदी घेतल्या आणि १८३५ साली त्या लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडल्या. खालच्या थरांत साधारण आठ-नऊ मीटर चढले की दाब एक मिलिबारने उतरतो. परंतु आपल्याकडे दाब दिवसाकाठी आपोआपच दोन-तीन मिलिबारांनी चढतो-उतरतो, सकाळी दहाच्या सुमारास कमाल आणि दुपारी चारच्या सुमारास किमान. म्हणजे जागेवरून न हलताही हे यंत्र वीस-पंचवीस मीटरांचा घाट चढल्या-उतरल्याचे सांगते. गिर्यारोहकाने पायथ्याच्या ज्ञात उंचीवर ते लावून घेतले तर काही तासांपुरते ते उपयोगी, एरवी नाही.

अवकाशातून पृथ्वीची उंची मोजण्याचा मोठा प्रयोग २००० सालच्या फेब्रुवारीत झाला. ‘एंडेव्हर’ या अंतराळयानाने साठ मीटर लांबीचा दांडा बाहेर काढून त्याच्या दोन्ही टोकांशी रडारचे ग्राहक बसविले, आणि अकरा दिवसांत उत्तरेच्या साठाव्या अक्षांशापासून दक्षिणेच्या छप्पन्नाव्यापर्यंतची, म्हणजे भूपृष्ठाच्या सुमारे ऐंशी टक्के जमिनीची उंची टिपली. सुमारे तीस मीटर बाजूचे चौकोन पाडून प्रत्येकाला एक आकडा, असे हे जाळे आज कोणासही विनामूल्य मिळते. २००५ साली भारताने सोडलेल्या कार्टोसॅट-१ या उपग्रहावर पुढे व मागे झुकलेले दोन कॅमेरे होते. एकच जागा दोन कोनांतून पाहून, आपले दोन डोळे अंतर ओळखतात त्याच न्यायाने, त्यांनी आपल्या देशाची उंची टिपली, आणि ते जाळे ‘भुवन’ या संकेतस्थळावरून उपलब्ध झाले. मोबाइलवर जो आकडा क्षणात दिसतो, तो बहुधा अशाच एखाद्या जाळ्यातील जवळच्या चार आकड्यांची, अंतराच्या प्रमाणात घेतलेली सरासरी असतो.

सरासरी हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. शिखर निमुळते असते आणि चौकोन रुंद; म्हणून कळसूबाईसारख्या टोकदार माथ्याचे खरे १,६४६ मीटर अशा जाळ्यात थोडे झिजूनच उतरतात, आणि उलट अरुंद घळीचा तळ भरून वर येतो. रडारला दाट रानात झाडांचे शेंडे आणि शहरात घरांची छपरे दिसतात. जमीन त्याला तितकी स्पष्ट दिसत नाही. खड्या कड्यांच्या छायेत तर त्याला काहीच दिसत नाही आणि तेथील जागा अंदाजाने भरून घ्याव्या लागतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहणाऱ्याने या जाळ्याला उंची विचारून पाहावी : चौकोन एका घराने सरकला, की उत्तर माथ्यावरून शेकडो मीटर खाली कोसळते. पंचेचाळीस अंशांच्या उतारावर जागेची चूक जितकी, तितकीच उंचीची. त्याहून खड्या उतारावर अधिक. सह्याद्रीत उंची काढणाऱ्याने म्हणूनच आपली जागा ठरविण्यात सर्वाधिक काळजी घेतली पाहिजे.

आता त्या साठांहून अधिक मीटरांच्या फरकाविषयी. जीपीएसचे यंत्र मुळात समुद्र जाणतच नाही. ते पृथ्वीला एक गुळगुळीत, ध्रुवांशी किंचित चपटा असा गणिती गोल मानते, आणि त्या गोलाच्या पृष्ठापासून उंची सांगते. खरा समुद्र मात्र गुरुत्वाकर्षणाच्या कमी-जास्त ओढीनुसार वर-खाली झालेला असतो. त्याची ही पातळी खंडांच्या पोटातूनही कल्पनेने पुढे वाढविली की जे ओबडधोबड पृष्ठ मिळते त्याला शास्त्रज्ञ जिऑइड म्हणतात. या पृष्ठाचा साऱ्या पृथ्वीवरील सर्वांत खोल खड्डा आपल्याच शेजारी, श्रीलंकेच्या दक्षिणेस हिंदी महासागरात आहे. तेथे ते गणिती गोलापेक्षा शंभराहून अधिक मीटर खाली जाते. त्या खड्ड्याचा उतार आपल्या द्वीपकल्पावरही पसरलेला असल्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात समुद्रसपाटी गणिती गोलाच्या साठांहून अधिक मीटर खाली आहे. गिरगाव चौपाटीच्या वाळूत उभे राहून यंत्रातील मूळ, दुरुस्ती न केलेली उंची वाचली तर ती शून्याखाली साठांहून अधिक मीटर भरेल. यंत्रात काही बिघाड नाही, केवळ शून्य निराळे आहे. बहुतेक मोबाइल ही दुरुस्ती आतल्या आत करतात, काही करीत नाहीत, आणि कोणी केली व कोणी केली नाही हे पडद्यावर लिहिलेले नसते. माझ्या मते या साऱ्या विषयातील हा सर्वांत मोठा घोटाळा आहे, आणि सर्वांत सहज टाळता येण्याजोगाही.

एखाद्या गडाची उंची दहा मीटरांनी चुकली तर कोणाचे काही बिघडत नाही. जमीन जितकी सपाट, तितका हा प्रश्न गंभीर होत जातो. सांगलीत पावसाळ्यात लोक कृष्णेवरच्या आयर्विन पुलाविषयी एकमेकांना विचारतात ते एकच, ‘आयर्विनला किती फूट?’ तेथे ४५ फूट ही धोक्याची पातळी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ती ४३ फूट. हे फूट समुद्रापासूनचे नव्हेत. ते त्या त्या ठिकाणच्या मोजपट्टीच्या शून्यापासूनचे आहेत. पुराचे पाणी आपल्या उंबऱ्यास कधी लागेल हे ज्याला ठरवावयाचे आहे, त्याला मोजपट्टीच्या शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, आपल्या जोत्याची उंची आणि मधल्या पाण्याच्या पृष्ठाचा उतार, ही तिन्ही एकाच शून्यावर आणावी लागतील. तेथे फुटाफुटाला गल्ल्या बुडतात. आणि उपग्रहाचे फुकट मिळणारे जाळे तर पूर्ण मीटरांतच बोलते व वरून कित्येक मीटर चुकते. अशा जाळ्यावरून कोणी घराघराची पूररेषा आखू लागला तर त्याला थांबविले पाहिजे. कृष्णेच्या खालच्या अंगाला असलेल्या कर्नाटकातील अलमट्टी धरणाची संचय पातळी ५१९.६० मीटर असावी की ५२४.२५६, हा वाद संबंधित राज्यांनी लवादापुढे मिलिमीटरांपर्यंतच्या आकड्यांनी लढविला. त्या धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या नदीकाठच्या जमिनीची उंचीही त्याच कसोशीने, दुर्बीण आणि पट्टी लावून मोजलेली हवी.

मुंबईचा मासला याहून बोलका आहे. तेथील महापालिकेचे शून्य पूर्वापार टाउन हॉलशी, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या सुप्रसिद्ध इमारतीशी जोडलेले आहे. सखल जमिनीवर बांधकामाची परवानगी देताना मुरूम, माती व दगडांचा भराव ९२ फुटांपर्यंत घालावा अशी अट घालण्यात येत असे. ते ९२ फूट टाउन हॉलच्या शून्यापासूनचे होते, समुद्राच्या मध्यम पातळीपासून ती जमीन थोडेच फूट उंच असे. हे ठाऊक नसलेल्याने तो कागद वाचला, तर सखल चाळ त्याला टेकडीवर असल्यासारखी वाटेल.

गेल्या पावसाळ्यानंतर मी घाटमाथ्यावरच्या एका गावी जुने पत्रक घेऊन गेलो होतो. पत्रकावर रस्त्याच्या मोरीशी ‘बीएम’ अशी खूण होती. मोरी सापडली, खूण सापडेना. कठड्यापाशी गुरे राखीत बसलेल्या म्हाताऱ्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘त्यो इंग्रजी अक्षरांचा दगड व्हय? मोरी रुंद केली तवा भरावात गेला.’ कोणा ठेकेदाराने दुष्टपणाने तो पुरला असेल असे मला वाटत नाही; त्या दगडावर काय कोरलेले आहे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. पण समुद्रापासून एकेक वाचन घेत वर आणलेली एक उंची त्या भरावाखाली गेली, आणि ती परत आणावयाची तर पुन्हा कोठल्या तरी दुसऱ्या दगडापासून तिपाई उचलीत चालत यावे लागेल.

वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. आपल्या गावच्या देवळाच्या जोत्यावर, जुन्या पुलावर किंवा कचेरीच्या पायरीवर अशी कोरीव खूण असेल तर ती शोधून ठेवावी, तिच्यावर रंग किंवा सिमेंट चढू देऊ नये, आणि तेथे बांधकाम निघाले तर काम सुरू होण्यापूर्वी भारतीय सर्वेक्षण विभागाला पत्राने कळवावे.